गॅस ओव्हनचा नॉब सोडला की विझतो, पेटलाच तर हल्ली केक आतून कच्चा राहतो. रिपेअर करू की ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेऊ?

ओटीजी घ्या म्हणणारे दहा जण येतील इथे, त्यांचं अजिबात ऐकू नका.

नॉब सोडला की विझतो म्हणजे थर्मोकपल. बर्नरला लागून जी बारीक दांडी असते तिचं टोक तापलं तरच व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यावर काजळी धरली की गॅस बंद. ओव्हन थंड असताना टोक बारीक पॉलिश पेपरने घासा, पेटवल्यावर नॉब पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, तरी विझला तर पार्ट बदला, महाग नसतो.

कच्च्या केकचं मात्र मला विचारा. हल्ली म्हणताय, म्हणजे आधी नीट भाजायचा. मधे पाइप गॅस आला का घरी? आमच्याकडे डोंबिवलीला हेच झालं. बिल्डिंगमध्ये लाइन आली, माणूस येऊन वरच्या चारही बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तोट्या, बदलून गेला, निळीशार फ्लेम, आणि खालच्या ओव्हनला हातसुद्धा लावला नाही. सिलिंडरचा गॅस 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपचा साधारण 21 ने, त्यात तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसची उष्णता निम्म्याहून कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. ते जुनंच राहिलं की फ्लेम ठेंगणी. दिवाळीच्या नानकटाईचा ट्रे अर्धा तास आत ठेवून बाहेर काढला तर पांढरीफटक, बोट लावलं तर नुसतं तूप हाताला. सर्व्हिसवाला म्हणाला थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) गेला, साडेचार हजार होतील. आमचे धाकटे भावजी तिथेच बसलेले, लगेच, "वहिनी, भंगारात द्या हे धूड, ओटीजी घ्या." मी म्हटलं काल सिलिंडरवर चालत होता आणि पाइप जोडल्या दिवशीच बरा थर्मोस्टॅट गेला! शेवटी स्टेशनजवळचा जुना शेगडी रिपेअरवाला आणला, त्याने तळाची प्लेट काढली, पितळेचा जेट उजेडात धरून बघितला आणि नुसता हसला. पाइप गॅसचा जेट बसवला, हवेची झडप ॲडजस्ट केली, पुढचा ट्रे खमंग. भावजी अजून म्हणतात योगायोग. म्हणोत. त्यांच्या त्या ओटीजीत माझा एक ट्रे आडवा मावत नाही आणि लाइट गेली की अर्धवट फुगलेल्या केककडे बघत बसा.

सिलिंडरवरच असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. मग बर्नरची भोकं गंजलीयत का बघा, आणि तळाला फॉइल अंथरलं असेल तर आधी काढा, बरेच जण घाण होऊ नये म्हणून घालतात आणि हवेच्या फटी बुजवतात. फ्लेम पिवळी असेल तर हवा कमी पडतेय.

आणि हो, जेटमध्ये सुई घालू नका, घरच्या ड्रिलने तर नाहीच नाही, भोक जरा वाकडं मोठं झालं की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. वास आला तर नॉब, कॉक, रेग्युलेटर सगळं बंद करून खिडक्या उघडा, लाइटच्या बटणांना हात लावू नका, घराबाहेर या, सिलिंडरवाल्यांनी तिथून 1906 ला फोन करावा, पाइपवाल्यांचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो.