टेस्टमध्ये नफा, खात्यात तोटा: असं का?

प्रश्न : ताई, मी वर्षाचे १२ हजार भरून एक बॅकटेस्टचं (जुन्या भावांवर ट्रेड चालवून बघायचं) सॉफ्टवेअर घेतलंय. त्यात निफ्टीच्या ऑप्शनचा साधा स्ट्रॅडल टाकला, म्हणजे सकाळी ९:२० ला एटीएमचा (निफ्टीच्या चालू भावाजवळचा) कॉल (निफ्टी चढली की महागणारा) आणि पुट (पडली की महागणारा) दोन्ही विकायचे, प्रत्येकाला २५ टक्के स्टॉप लॉस (भाव तेवढा वाढला की तोटा घेऊन बाहेर), सव्वातीनला बाहेर. २०२१ ते २०२४ दर गुरुवारची टेस्ट केली तर सरासरी ६ पॉइंट सुटतात आणि ग्राफ मस्त वर चढत जातो. पण तीन महिने एक लॉट (ठरलेल्या नगांचा गठ्ठा) घेऊन दर गुरुवारी तेच करतोय तर पैसे जातायत. सॉफ्टवेअर खोटं आहे का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अहो, सॉफ्टवेअर खोटं नाहीये, तुम्ही त्याला गुरुवार विचारला आणि त्यानं गुरुवार सांगितला. पण तेव्हाचा गुरुवार म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनची एक्सपायरी (मुदत संपायचा दिवस), आणि सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली! म्हणजे टेस्टमध्ये तुम्ही शेवटच्या दिवसाचा प्रीमियम (ऑप्शनचा भाव) विकत होतात, जो साडेतीनपर्यंत पार विरघळून जातो, आणि आता विकताय तो पुढच्या मंगळवारचा, त्याच्यात अजून शुक्रवार, सोमवार, मंगळवार शिल्लक असतात, दिवसभरात थीटा (वेळ सरेल तशी भावाची झीज) मिळून मिळून किती मिळणार, वर व्हिक्स (बाजाराला किती हालचाल वाटतेय त्याचा आकडा) जरा वाढला की दोन्ही बाजूंचे भाव फुगतात. सॉफ्टवेअरमध्ये वाराऐवजी ‘एक्सपायरीला किती दिवस बाकी’ असा फिल्टर असतो, तो शून्यावर ठेवून परत टेस्ट करा. आणि बँक निफ्टीच्या वीकलीच्या (दर आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शनच्या) टेस्ट कोणी दाखवल्या तर बघूच नका, ते वीकली ऑप्शन नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाले, ते दुकानच उठलंय.

आता ते ६ पॉइंट. कागद घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. लॉट ६५ चा, म्हणजे ३९० रुपये. ऑर्डरी चार, दोन विकायच्या दोन घ्यायच्या, २० रुपयांनी ब्रोकरेज ८०, त्यावर जीएसटी १४. दोन्ही मिळून २०० चा प्रीमियम धरला तर एसटीटी (व्यवहारावरचा सरकारी कर) आणि एक्स्चेंजचे चार्जेस मिळून साधारण २५-३० रुपये. झाले सव्वाशेच्या आसपास. आणि आता खरा खड्डा, स्लिपेज. टेस्ट बहुतेक वेळा मिनिटाच्या कँडलचा क्लोज (त्या मिनिटाचा शेवटचा भाव) धरते, तुम्हाला तो भाव मिळतोच असं नाही, विकताना बिडचा (समोरचा घ्यायला तयार असतो तो) भाव मिळतो आणि घेताना आस्कचा (समोरचा मागतो तो) द्यावा लागतो. प्रत्येक ऑर्डरला फक्त एक पॉइंट गेला असं धरा, चार गुणिले ६५ म्हणजे २६०. बेरीज करा, ३८५ च्या जवळ येते. उरले पाच रुपये, त्यात कटिंग पण येत नाही हो.

बरं हे शांत दिवसाचं झालं. स्टॉप लॉस उडतो त्या दिवशी टेस्ट म्हणते बरोबर २५ टक्क्यांवर बाहेर पडलो. पण एनएसईनं २०२१ मध्येच ऑप्शनमधली एसएल मार्केट ऑर्डर (स्टॉप लॉस लागला की मिळेल त्या भावाला काढणारी) बंद केली, आता लिमिट (जास्तीत जास्त किती भाव देणार ते) द्यावी लागते, आणि भाव त्या लिमिटला टांग मारून पुढे निघून गेला तर ऑर्डर तशीच लोंबकळत राहते आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो. मी स्वतः एकदा अशी बसलेय, १२० चा कॉल विकला होता, ट्रिगर (जिथे स्टॉप लॉसची ऑर्डर जागी होते) १५०, लिमिट १५२, दोन मिनिटांत भाव १९० आणि ऑर्डर अजून पेंडिंग! तेव्हापासून लिमिट लांब ठेवते आणि टेस्टमध्ये स्टॉप लॉसच्या ऑर्डरीला स्लिपेज वेगळं, जास्तच टाकते. ती सोय सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी असते, पण शून्यावर असते, कारण शून्यावर ग्राफ छान दिसतो ना.

अजून एक करा, ४ जून २०२४ हा एकच दिवस चालवून बघा, लोकसभेच्या निकालाचा. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ७३३ पॉइंट वर, आणि त्या दिवशी १३७९ पॉइंट खाली, जवळजवळ ६ टक्के. तो मंगळवार होता, म्हणजे तुमच्या ‘फक्त गुरुवार’ टेस्टमध्ये तो आलाच नाही, आणि आता एक्सपायरी मंगळवारचीच आहे म्हटल्यावर हे जरा विचार करण्यासारखंय. मग ९:२० च्या जागी ९:३५ टाका, २५ च्या जागी ३० टाका. एवढ्याशा बदलानं ग्राफ कोसळला तर समजा की तुम्ही जुन्या डेटाला माप घेऊन सदरा शिवला होता.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये पे-ऑफ (नफा-तोट्याच्या) ग्राफखाली ‘पीओपी ७२ टक्के’ येतं, पीओपी म्हणजे नफ्याची शक्यता. म्हणजे दहापैकी सातदा नफा नक्की का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की नाही. तो आकडा चालू आयव्हीवरून (ऑप्शनच्या भावात धरलेल्या हालचालीवरून) काढलेला असतो, म्हणजे बाजाराला आत्ता जेवढी हालचाल वाटतेय तेवढीच होईल असं धरून. आणि सातदा किती मिळणार, तीनदा किती जाणार ते त्यात नाहीच. सातदा १ हजार मिळाले आणि तीनदा ३ हजार गेले तर पीओपी तुमचा खराच ठरला, खिशातून मात्र २ हजार गेले. त्याच स्क्रीनवर मॅक्स लॉस लिहिलेला असतो, आधी तो वाचा, आणि तिथे ‘अनलिमिटेड’ असेल तर लांबचा कॉल-पुट विकत घेऊन तोट्याला मर्यादा घाला, त्याला आयर्न फ्लाय म्हणतात, मार्जिन (ब्रोकरकडे अडकणारी रक्कम) पण कमी लागतं.

प्रश्न : पैसे न भरता एनएसईच्या भावकॉपीवर (रोजच्या भावांच्या फाइलवर) एक्सेलमध्ये टेस्ट करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पोझिशनल असेल तर येईल, आज विकलं आणि तीन दिवसांनी बंद भावाला काढलं असलं काही, आणि भावकॉपी फुकट आहे, तिथूनच सुरुवात करा. इंट्राडे (त्याच दिवशी बाहेर पडायचं) स्टॉप लॉसवालं मात्र नाही जमणार, कारण त्यात दिवसाचा हाय आणि लो दिलेला असतो पण आधी कुठला लागला ते नसतं, आणि लो आधी की हाय आधी यावरच तर तुमचा स्टॉप लॉस उडाला की वाचला ते ठरतं. त्याला मिनिटाचा डेटाच लागेल.