चोवीस दिवसांची पिल्लं: हात लावायचा की नाही?

ताई, तुमची देशी कुत्री घरातच व्याली. पाच पिल्लं आज २४ दिवसांची आहेत. सासूबाई म्हणतात, हात लावू नका, आई पिल्लं टाकेल. डॉक्टर म्हणतात, लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका. मग पिल्लं माणसाळणार कधी, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे आजवर चार वेतं झाली, त्यावरून सांगते: आजपासूनच सुरू करा.

पिल्लांचा शिकण्याचा खरा काळ साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतो. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं १४ आठवडे माणसापासून दूर वाढवली होती. नंतर कितीही लाड केले तरी ती माणसाला बिचकतच राहिली.

सासूबाईंना सांगा, घरच्या, तुमच्यावर विश्वास असलेल्या कुत्रीला तुमच्या हाताचा वास पिल्लांना लागला तर चालतो. पण तिचं मन जपा. ती खायला किंवा अंगणात गेली की पिल्लू उचला. गुरगुरली तर त्या दिवशी थांबा. पाहुण्यांना आणखी आठवडाभर लांबच ठेवा.

एकेक पिल्लू मांडीवर, तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. कान, पंजे, नखं, ओठ हळूच चाचपा. पाच आठवडे झाले की रोज थोडा वेळ प्रत्येकाला भावंडांपासून वेगळं दुसऱ्या खोलीत घेऊन बसा. घोळक्यात धीट वाटणारं पिल्लू एकटं पडलं की कसं वागतं, ते तेव्हाच कळतं.

आवाजांच्या बाबतीत माझी एक चूक सांगते. पहिल्या वेळी बाळंतिणीला शांतता हवी म्हणून मी सगळ्यांना अडीच महिने मागच्या खोलीत ठेवलं. त्यातलं एक पिल्लू एका फ्लॅटमध्ये गेलं. पहिल्याच संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि ते पलंगाखाली जाऊन मुतलं. महिनाभर स्वयंपाकघराच्या दारात पाऊल टाकेना. त्याचा काही दोष नव्हता, मी त्याला घर ऐकूच दिलं नव्हतं. आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून पिल्लांचं खोकं स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणा. कुकर, मिक्सर, भांडी, टीव्ही, सगळं लांबून कानावर पडू दे.

पिल्लू दचकलं म्हणून घाबरू नका. ते सावरतं किती वेळात, हे बघा. लांब कुठेतरी पातेल्याचं झाकण पाडा. दचकलं, कान टवकारले आणि काही क्षणांत हुंगायला आलं, तर उत्तम. मिनिटभर कोपऱ्यातून हललं नाही किंवा थरथरलं, तर आवाज त्याला जास्त झाला. उद्या आणखी लांबून, हळू आवाजात आणि खाऊ देत. ‘सवय होईल’ म्हणून धरून ठेवू नका. धरून ठेवलं की त्याला तुमच्याच हातांची धास्ती बसते.

माणसंही अशीच दाखवा: दाढीवाले काका, काठी टेकणारे आजोबा, हेल्मेट घातलेला मुलगा, रेनकोट. माणसानं जमिनीवर बसायचं, पिल्लानं आपणहून यायचं. मुलांना उभ्यानं पिल्लू उचलू देऊ नका.

डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण पहिली लस सहा-आठ आठवड्यांना आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास. तोवर घरात कोंडलं तर शिकायचा काळ निघून जातो. मधला मार्ग म्हणजे जमिनीला पाय न लावता, कडेवर किंवा टोपलीत घेऊन फिरवणं. रिक्षा, बस, देवळातली घंटा, शाळा सुटल्याचा गलका, सगळं तुमच्या कुशीतून बघू दे.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाही देऊ नका, कितीही गळ घातली तरी. त्याआधी विकायला केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या २०१७ च्या नियमांनीही बंदी आहे. चावा किती जोरात लागतो हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं: जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. हा धडा आपल्याला तितका चांगला देता येत नाही.

आणि ते पाचवं, जे नेहमी मागे राहतं म्हणून लिहिलंत, त्याला ओढून पुढे आणू नका. त्याच्यापासून हातभर अंतरावर, पाठ त्याच्याकडे करून बसा आणि आईच्या खाण्यातलं थोडं मांडीजवळ ठेवा. पहिले दोन दिवस काहीच होणार नाही. तरी रोज त्याच वेळी, त्याच जागी बसा.