सुटे सोलर सेल आणून 12 व्होल्टचं पॅनेल घरी बनवता येईल का? टिकेल का?

बनवता येईल, 36 सेल सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडा. पण छपरावर ते वर्षानुवर्षं टिकेल असं धरू नका. भाराखाली (वीज ओढली जात असताना) एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो, म्हणून 36 सेलचे 18 व्होल्ट. 12 व्होल्टची बॅटरी भरायला 14 च्या वर लागतात आणि उन्हात तापलं की पॅनेलचा व्होल्टेज उतरतो, त्यामुळे 24-25 सेलवर भागवू नका. नेहमीच्या सेलची निळी बाजू ऋण, मागची धन. एकाच्या पुढची पट्टी दुसऱ्याच्या पाठीला सोल्डर करा. आधी फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा पदार्थ) लावा आणि सोल्डरिंग आयर्न दाबू नका. सेल जेमतेम 0.2 मिमी जाड असतो, पापडासारखा तडकतो. दर 18 सेलमागे एक बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वगळून वीज बाजूने नेणारा) हवाच, त्यावरची पांढरी रेघ त्या सेलच्या धन टोकाकडे. नाहीतर एका सेलवर सावली पडली की तोच तापून करपतो.

खरी अडचण सीलिंगची. कारखान्यात काच, ईव्हीए (चिकटवणारी प्लास्टिकची फिल्म) आणि सेल निर्वात यंत्रात सुमारे 150 अंशांना एकजीव करतात. घरी सिलिकॉन लावून ते होत नाही. पावसाळ्यात आत दमट हवा शिरते, सेलवरच्या चांदीच्या रेघा काळ्या पडतात. अ‍ॅक्रिलिक तर उन्हात तापून वाकतं, काचच घ्या. लाकडी चौकट नको, सैल सांधा तापला तर पेट घेईल.

शिकायला 12 सेलचं, 6 व्होल्ट देणारं छोटं पॅनेल करा. घर चालवायचं असेल तर तयार पॅनेल आणा आणि बॅटरीआधी चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारं यंत्र) लावा.