जुनं इलेक्ट्रॉनिक सामान किलोच्या भावाने देण्याआधी : वाचकांची प्रश्नोत्तरे

मी पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालो. 1989 साली घेतलेला 20 मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) अजून चालतो. तेव्हा बरेच पैसे मोजले होते. आज किती मागावेत? (मानेवाडा)

सर, तेव्हा मोजलेले पैसे हिशेबातून काढून टाका. घेणारा तुलना करतो ती आजच्या नव्या डिजिटल स्कोपशी. तो 20-30 हजारांच्या आसपास येतो, हलका असतो आणि पडद्यावरचं चित्र साठवून ठेवतो. त्यामुळे नव्याच्या पाव किमतीच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे. आणि ती पाव किंमतही ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, बारीक, ठसठशीत असेल तरच. फोकस फिरवूनही रेघ जाडच राहत असेल, तर पडद्याची ट्यूब थकली. सर्किट असलेलं मॅन्युअल जपलं असेल, तर त्याचा फोटो आधी दाखवा.

पार्सलने मात्र पाठवू नका. ती लांब काचेची ट्यूब वाटेतले धक्के सोसत नाही. नागपुरातच, ऑडिओचं काम शिकणारा एखादा मुलगा बघा आणि त्याच्यासमोर चालू करून दाखवा.

यजमानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले. घरात वॉल्व्ह (जुन्या रेडिओतले दिव्यासारखे काचेचे भाग), ट्रान्झिस्टर आणि सुट्या सामानाच्या तीन पेट्या आहेत. कबाडी वजनावर न्यायला तयार आहे. देऊन टाकू का? (महाल)

ताई, अजून देऊ नका. ज्यांच्याकडे मी सोल्डरिंग शिकलो, त्यांच्या घरच्या अशाच पेट्या तेराव्याच्या आत तराजूवर चढल्या. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ते मला आजही लागतं.

आधी वॉल्व्ह वेगळे करा, पण ओल्या फडक्याने पुसू नका. काचेवरचा छापील नंबर बोटानेसुद्धा निघतो, आणि नंबर गेला की भाव गेला. काचेच्या आत, बहुधा टोकाला, आरशासारखा चकाकता थर दिसेल. तो चंदेरी किंवा काळपट असेल तर वॉल्व्हची हवाबंदी शाबूत आहे. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. तो बाजूला काढा. ईसीसी83, ईएल84, ईएल34 असे नंबर दिसले तर ते स्वतंत्र ठेवा. गिटार आणि ऑडिओच्या अॅम्प्लिफायरमध्ये ते आजही लागतात, म्हणून गिऱ्हाईक आहे. जुना खोका असेल तर तो फेकू नका. निव्वळ रेडिओत लागणाऱ्या वॉल्व्हना मागणी कमी, पण जुने सेट दुरुस्त करणारे ते शोधत असतात.

ट्रान्झिस्टरमध्ये एसी127, एसी128 हे जर्मेनियमचे नंबर बघा. 1966 साली आलेल्या फझ फेस या गिटार-पेडलमध्ये (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीत) जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. तो आवाज हवा असलेले लोक आजही एसी128 हुडकतात. नंबर पुसलेला असेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासून घ्या. जर्मेनियमला 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आसपास दिसतं, सिलिकॉनला 0.6 ते 0.7. आपल्याकडच्या प्रत्येक छंदवाल्याच्या डब्यात असायचे ते सीएल100, एसके100 सिलिकॉनचे. त्यांना तो भाव नाही. एएफ114 ते एएफ117 न वापरलेले असले तरी न तपासता विकू नका. त्यांच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पाय शॉर्ट होतात. चांगले म्हणून दिले, तर घेणारा पुन्हा तुमच्या दारी येणार नाही.

एवढं निवडून झालं की उरलेलं खुशाल वजनावर द्या. फक्त ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या भावात जाऊ देऊ नका, आत तांबं असतं.

बाबा हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेसवर बोलणारे, होते. त्यांचा एचएफ ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा-घेणारा वायरलेस सेट) आणि पितळी मोर्स की (ठोके देऊन संदेश पाठवायची कळ) विकायची आहे. जाहिरात देऊ का? (प्रतापनगर)

उघड जाहिरात नको. वडिलांचा परवाना त्यांच्या नावापुरता होता, तो वारसाने मिळत नाही. सेट परवाना असलेल्या हॅमलाच द्या, त्याच्या परवान्याची प्रत घ्या आणि बाबांच्या परवान्याची व खरेदीची कागदपत्रं सेटसोबत ठेवा. बाबा ज्यांच्याशी बोलायचे, त्या मंडळींना कळवा. गेलेल्या हॅमला ते ‘सायलेंट की’ म्हणतात आणि त्याच्या सेटला योग्य घर शोधायला मनापासून मदत करतात. ‘चालतो का बघू’ म्हणून अँटेनाशिवाय ट्रान्समिट दाबू नका, सिग्नल बाहेर पाठवणारे शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर उडू शकतात. मोर्स कीला परवाना लागत नाही. पण ती घासून चमकवू नका, आणि खरं सांगू? ती घरीच ठेवा.

इंजिनिअरिंगला असताना घेतलेली 8085 मायक्रोप्रोसेसर किट? (धरमपेठ)

पैसे म्हणाल तर जवळजवळ नाहीत. प्लास्टिकच्या 8085 चिपला भाव नाही. पांढऱ्या सिरॅमिकची, सोनेरी पायांची चिप असेल तर संग्राहक विचारतील. ईप्रॉमच्या (प्रोग्राम साठवणाऱ्या चिपच्या) खिडकीवरचं लेबल काढू नका. उन्हाने आतला प्रोग्राम पुसतो आणि मग किटही उपयोगाची राहत नाही. शिकणाऱ्या एखाद्या मुलीला देऊन टाका.

आजोबांचा लाकडी वॉल्व्ह रेडिओ विकण्याआधी चालू करून, पॉलिश करून घेऊ का? (नंदनवन)

पॉलिश नको, चालू करण्याची घाई तर मुळीच नको. वर्षानुवर्षं बंद असलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर थेट 230 व्होल्ट मिळाले की फुटतात, कधी सोबत ट्रान्सफॉर्मरही नेतात. जाणकाराकडून 60 वॅटच्या सिरीज बल्बवर (सेटच्या वाटेत जोडलेल्या जुन्या तारेच्या बल्बवर) तपासून घ्या. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. वॉल्व्हवर यूसीएच81, यूएल84, यूवाय85 असे ‘यू’चे नंबर असतील तर तो एसी-डीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट मेन्सवर चालणारा, सेट. त्याच्या चासीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) थेट मेन्सचा करंट येऊ शकतो, म्हणून मागचं झाकण उघडून हात घालू नका.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे : कूलर. एप्रिल ते जून त्याच खोलीत कूलरची ओली हवा खाल्लेल्या सेटचा बँडस्विच (मीडियम-शॉर्ट वेव्ह बदलायचा स्विच) काळा पडतो आणि लाकडाचा थर सुटतो. रेडिओ आजच दुसऱ्या खोलीत हलवा. माळ्यावर, पत्र्याखालीही नको. मे महिन्यात तिथे कॉइलवरचं मेणसुद्धा वितळतं. कोरड्या ब्रशने धूळ झाडा, डायलची काच जपा आणि मागच्या झाकणासह फोटो काढा. डायलची काच फुटली की तशीच दुसरी मिळवणं फार अवघड.