पेपरवरचं नाव आणि नावापुढचे आकडे

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. फोनवर हे बोलणं पुरं झालं नसतं, म्हणून सकाळीच लिहायला बसले. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. तुझा एच-इंडेक्स, म्हणजे पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा, ३ आहे, मुलाखतीला येणाऱ्या बाकीच्यांचा सहा-सात असेल, मग तुझं काम कमी धरतील का? आणि गुळावरच्या तुझ्या संशोधन-पेपरवर नावं कुणाकुणाची घालायची? तुझी झोप उडालीय पहिल्या प्रश्नाने. मला काळजी वाटते दुसऱ्याची. तरी आधी पहिला घेते, त्याचं ओझं उतरू दे.

वही काढ आणि तुझे पाच पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्याच्या, उतरत्या क्रमाने एकाखाली एक मांड: ४०, १२, ४, ३, १. आता वरून मोजत ये. तिसऱ्या पेपरला किमान ३ सायटेशन हवीत, ती आहेत. चौथ्याला किमान ४ हवीत, आहेत ३. तिथे अडलं, म्हणून तुझा एच-इंडेक्स ३. होर्हे हिर्श नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेलं माप हे एवढंच आहे. उद्या तुझ्या पहिल्या पेपरची ४० सायटेशन ४०० झाली तरी आकडा तीनच राहील. आणि चौथ्या पेपरचा कुणी एकदा संदर्भ दिला, की लगेच चार होईल. शिवाय हा आकडा एकदा चढला की उतरत नाही. माणसाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांच्या जिवावर तो वाढू शकतो. वीस वर्षं नोकरी झालेल्याच्या शेजारी तुला उभं करून हे माप लावणं चूकच आहे, आणि मुलाखतीत कुणी लावलंच तर वरची पाच ओळींची मांडणी त्यांना शांतपणे करून दाखव. आकडा कुठून घेतला तेही सांग. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी खुले केलेले मसुदे) असं सगळं धरतो, स्कोपस हा डेटाबेस निवडक जर्नलं, पुस्तकं आणि परिषदांमधले लेखच धरतो, त्यामुळे एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे येतात.

इम्पॅक्ट फॅक्टरचं फार मनाला लावून घेऊ नकोस. युजीन गारफिल्ड यांनी जर्नलं निवडायला आणि ग्रंथालयांना उपयोगी पडावं म्हणून काढलेलं ते माप. मागच्या दोन वर्षांत जर्नलात आलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या लेखांची संख्या. म्हणजे ही जर्नलची सरासरी झाली. वर्गाची सरासरी ६० आली म्हणून प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर ६० लिहीत नाहीत. एखाद्या पेपरची किंवा माणसाची किंमत जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नका, असं सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून निघाला. त्याला डोरा म्हणतात, तो वाचून ठेव.

सायटेशन नेमकं काय मोजतं, हे तुला प्रयोगशाळेतल्या रोजच्या गोष्टीवरून कळेल. आपण प्रथिनं मोजायला लॉरी मेथड वापरतो. तांब्याचं अल्कली द्रावण घालायचं, थांबायचं, मग फोलिन नावाचं रसायन घालायचं, अर्ध्या तासात नळीत निळा रंग चढतो. ही पद्धत सांगणारा पेपर १९५१ सालचा. २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशनच्या पेपरांची यादी निघाली तेव्हा तोच पहिला होता, तीन लाखांहून जास्त सायटेशन घेऊन. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा पेपर त्या यादीच्या पहिल्या शंभरातही नव्हता. लॉरी यांचं काम भक्कमच होतं, पण इतकी सायटेशन मिळाली ती जगभर लाखो हातांनी ती रेसिपी रोज वापरली म्हणून. तुझा पेपर आहे काहिलीत (गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत) हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन घातलेल्या आणि रानभेंडीच्या पाण्याने मळी काढलेल्या गुळाच्या टिकाऊपणावर. त्यावर जगात काम करणारे थोडे, त्यामुळे सायटेशनही थोडीच येणार. करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांना त्याचा उपयोग झाला, तर तो कुठल्याच डेटाबेसात दिसणार नाही. म्हणून विषय सोडू नकोस. मुलाखतीत तो उपयोग तोंडाने सांगायची तयारी ठेव.

आता नावाबद्दल, आणि आधी तुझ्या स्वतःच्या. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत. पेपरवर ते 'पाटील एस. एस.' होऊन बसतं. आपल्या एका जिल्ह्यात असे किती पाटील आणि किती एस. एस. असतील! संगणक दोघांचे पेपर एकाच्या खात्यावर टाकतो, नाहीतर एकाचेच दोन माणसांत वाटतो. माझं तर लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललं. पुढे एका मुलाखतीत माझ्यासमोर निम्मीच यादी ठेवली होती, आणि माहेरच्या नावाचे पेपर माझेच आहेत हे मला लग्नाचा दाखला काढून पटवावं लागलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. तुला ती वेळ यायला नको. २०१२ पासून ऑर्किड (ORCID) आयडी आहे, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोळा आकडी, फुकट. आजच काढ आणि प्रत्येक पेपरला जोड. आणि लग्नानंतर काहीही ठरव, पेपरवरचं नाव पहिल्या पेपरवर आहे तसंच ठेव, शक्य असेल तर पूर्ण नाव लिहून.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मी कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट तुला सांगते.

माझ्या पीएच.डी.च्या काळात पानांच्या अर्कातली प्रथिनं मोजायचं काम चाललं होतं. माझ्याबरोबर एक मुलगी होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रीडिंग भरपूर येत होती, मी खुश होते. ती मात्र रोज नळ्या उजेडाला धरून बघायची. एक दिवस म्हणाली, "ताई, हा निळा रंग सगळा प्रथिनांचा नाही. पानांतलं फिनॉलपण फोलिनला निळं करतंय." मी झटकून टाकलं. तिने ऐकलं नाही. अर्कातली प्रथिनं ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिडने खाली बसवली, धुतली, पुन्हा विरघळवली आणि मग मोजली. आकडे निम्म्याखाली आले. सहा आठवड्यांची रीडिंग आम्ही नव्याने घेतली, वहीत निम्मं अक्षर तिचं आहे. मग तिला इचलकरंजीत नोकरी लागली आणि ती गेली. पेपर लिहिला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ती आता संशोधनात नाही, तिला काय उपयोग?" मी होकार दिला. तिचं नाव आभारातसुद्धा आलं नाही. माझ्या नावावर सगळ्यात जास्त सायटेशन आहेत ती त्याच पेपरला, आणि लोक त्याचा संदर्भ देतात तो तिने सुचवलेल्या त्या एका पायरीसाठी. गुगल स्कॉलर उघडलं की तो पेपर सगळ्यात वर असतो.

म्हणून तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: 'ओलाव्याची रीडिंग घेणारी मुलगी बँकेत लागली, तिचं नाव घालायची गरज नाही असं सगळे म्हणतात.' लेखक कुणाला म्हणायचं याचे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी ठरवलेले चार निकष बघ. कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा बारकाईने तपासण्यात सहभाग. अंतिम प्रतीला मान्यता. आणि छापलेल्या सगळ्याची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हवेत. पण पहिला निकष ज्याने पुरा केला, त्याला पुढच्या तिन्हींची संधी द्यायची, हेही तिथेच लिहिलं आहे. मसुदा न दाखवताच 'तिने मसुदा वाचलेला नाही' म्हणून नाव गाळायचं, ही चलाखी झाली. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ज्याच्या डोळ्यांवरून तू ठरवलंस, त्या गुळव्याचं नाव आभारात पूर्ण नावानिशी घाल, त्याला विचारून. 'स्थानिक उत्पादक' असं मोघम लिहू नकोस.

आणि ते सर, ज्यांचं नाव तिसरं घालायला सांगितलं आहे? त्यांनी काय केलं, असं तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. दडपण कुठून येतं ते मला कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या नियमांत दोनाहून जास्त लेखक असले तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. प्रत्येकाला, म्हणजे तिघांवर आणखी एक नाव घुसवलं तरी कुणाचंच काही कमी होत नाही. म्हणूनच नाही म्हणणं इतकं जड जातं. पण उद्या तुझ्या तक्त्यात चूक निघाली आणि संपादकाने विचारलं, तर सरांना ओलावा कुठल्या तापमानाला काढला एवढं तरी सांगता येईल का? त्यांना सरळ विचार: "सर, मसुदा पाठवते, चर्चेचा भाग तपासून द्याल का?" त्यांनी खरंच तपासून दिला, काही भर घातली, तर गाईडशी पुन्हा बोलता येईल. नुसताच 'छान आहे' असा निरोप आला, तर नाव घालू नकोस. गाईड रागावले तर मला फोन कर, मी बोलेन त्यांच्याशी.

पैसे घेऊन नाव घालून देणारे, सायटेशन मिळवून देणारे मेसेज तुला येत असतील. ते उघडूसुद्धा नकोस. असे पेपर मागे घेतले जातात आणि मागे घेतल्याचा शिक्का कायम राहतो.

रविवारी माझ्याकडे ये. येताना एक कागद आण: डाव्या बाजूला कामं (नमुने, रीडिंग, हिशेब, लेखन, तपासणी), समोर ती केलेल्यांची नावं, तुझ्याच अक्षरात. आणि त्या बँकेतल्या मुलीचा नंबर शोधून ठेव. आपण इथूनच तिला फोन लावू.

तुझी,
मॅडम