पांढरी इंक तळाशी बसते, पॉलिमर कोटिंगवाली घेऊ का?

प्रश्न : सर नमस्कार, इचलकरंजीत माझं टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे, थेट कापडावर मारणारं डिजिटल मशीन. रंगीत इंकचा फारसा त्रास नाही पण दोन दिवस मशीन बंद राहिलं की पांढरी खाली बसते, मग हेड (इंक फवारणारा भाग) जाम आणि सकाळ सगळी नोझल साफ करण्यात. आता सप्लायर म्हणतोय पॉलिमर कोटिंगवाली पांढरी घ्या, महाग आहे पण अजिबात बसत नाही. खरंय का?

उत्तर : 'अजिबात बसत नाही' हे खोटं. इंक मात्र कामाची असू शकते, कारण वेगळं आहे.

पांढऱ्या इंकमध्ये असतात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण, पाण्याच्या चौपट जड. रंगीत इंकमधलं ऑरगॅनिक पिगमेंट, म्हणजे रंगाचे कण, साधारण दीडपटच, म्हणून तुमची लाल-निळी गप पडून असते. बरं कण एकदम बारीक करावा तर काळ्या टी-शर्टवर पांढरा उठत नाही, झाकायला २०० ते ३०० नॅनोमीटरचा कण लागतोच.

आता गणित बघा. पॉलिमर कोटिंग म्हणजे प्रत्येक कणावर प्लॅस्टिकसारखं कवच. २५० नॅनोमीटरच्या कणावर ५० नॅनोमीटरचं कवच चढवलं तर कणाची घनता ४.२ वरून सव्वादोनच्या आसपास येते, ऐकायला भारी वाटतं, पण दोन्ही बाजू धरून कण ३५० चा झाला ना, आणि बसायचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे सगळी वजाबाकी होऊन वेग कमी होतो फक्त पाव भाग. म्हणजे बाटली हलवणं सुटत नाही.

मग फायदा कुठे? साध्या इंकमध्ये कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून डिस्पर्संट टाकतात, तो कणाला वरवर धरून असतो, इंकमधलं ग्लायकॉल (इंक लवकर वाळू नये म्हणून घातलेला द्रव) आणि एप्रिल-मेची गोडाऊनमधली गरमी यांनी तो सुटायला लागतो, मग उघडे कण एकमेकांना धरतात आणि तळाशी दगडासारखा थर. पॉलिमरवाल्यात कणाभोवतीच मोनोमर (पॉलिमरचे सुटे रेणू) जोडून पॉलिमर बनवतात, बहुतेकदा स्टायरिन-अॅक्रिलेट, साखरफुटाण्यासारखं आत चणा वर पाक. हे कवच सुटत नाही. इंक बसते, पण थर मऊ राहतो, हलवलं की परत मिसळतो. हेड वाचतं ते यामुळे.

आणखी एक, हीट प्रेसखाली १५०-१६० डिग्रीला हेच कवच वितळून कापडाला धरतं, म्हणून बाइंडर (रंग कापडाला चिकटवणारा घटक) कमी लागतो आणि धुलाईत प्रिंट टिकतो. पण पॉलिमर फार मऊ घेतला की नोझलच्या तोंडाशीच वाळून पापुद्रा धरतो, आणि कडक घेतला तर प्रिंट हाताला पुठ्ठ्यासारखा लागतो, हा तोल प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे नुसतं लेबल वाचून काही कळत नाही.

सप्लायरकडून सॅम्पल मागा. तुमची इंक आणि त्याची, दोन काचेच्या बाटल्या आठवडाभर ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवा (झाकण घट्ट लावा, नाहीतर पाणी उडून टेस्टच फुकट), मग गार झाल्यावर उलट्या करा. थर सरकला, चारदोनदा हलवून एकजीव झाला तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही. काठीने खरवडावा लागला तर नको. आणि मशीनला व्हाइट सर्क्युलेशनचा पंप (पांढरी इंक सतत फिरती ठेवणारा) नसेल तर मी आधी तो बसवेन, इंकचं नंतर. रंगीत इंक मात्र कशाला बदलताय, ती चालतेय तशी चालू द्या.