वाढदिवस साडेसातला, बाळाची झोप सातला

"वाढदिवस करायचाय की नाही, हेच आता मला कळेनासं झालंय." पुण्यात कर्वेनगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरी करणारी ही आई. मुलगी अकरा महिन्यांची. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) दोन्हीकडचे नातेवाईक, ऑफिस, सोसायटी असं करत पाहुण्यांची यादी ७०च्या वर गेली होती. सजावटवाल्यानं 'जंगल थीम'चे १८ हजार सांगितले होते. सासूबाईंचं म्हणणं, वाढदिवस तिथीनेच करायचा. त्यात मोठ्या दिरांनी त्यांच्या मुलाच्या वेळी हॉल घेतला होता, तो हॉल घरातल्या प्रत्येक बोलण्यात डोकावत होता. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती मुलगी अनोळखी माणसानं नुसतं हसून पाहिलं तरी आईच्या मानेत तोंड खुपसते.

"ती रडली तर लोक म्हणतील, हिनं पोरीला माणसांची सवयच लावली नाही. आणि केलाच नाही, तर मोठेपणी तीच विचारेल, माझा का नाही केला?"

पहिल्या वाढदिवसाच्या आधी महिना-दीड महिना ही तक्रार घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया कमी नाहीत. वरवर पाहता प्रश्न फुग्यांचा आणि केकचा असतो. आत मात्र वर्षभराच्या जागरणांनंतर आपली आई म्हणून तोंडी परीक्षा आहे आणि परीक्षक म्हणून सगळं गोत बसलंय, ही भीती असते. दोन्ही गुंते एकत्र सोडवायला गेलं की काहीच सुटत नाही.

म्हणून आधी कागद-पेन. ठरवलेली प्रत्येक गोष्ट एका रेघेवर लिहायची आणि पुढे कुणासाठी ते लिहायचं : बाळ, आई-बाबा, घरातले मोठे, की लोक. तिच्या यादीत २३ गोष्टी निघाल्या. बाळाच्या नावावर फक्त चार होत्या. ती गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळं खोटंच की."

खोटं अजिबात नाही. मुलीला हा दिवस आठवणार नाही, हे खरं. त्या वयाची आठवण कुणालाच राहत नाही. पण वर्ष निभावलं म्हणून आई-बाबांना चार माणसं बोलवावीशी वाटली, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? तो आपला सोहळा आहे असं स्वतःशी कबूल केलं, की मुलीकडून कामं करून घेणं थांबतं. मुकुट घालून बस, केकला हात लाव, मामाकडे जा, आत्याकडे जा, फोटोला हस : मोठ्या माणसालाही ही शिफ्ट झेपायची नाही.

अनोळखी माणसांना बिचकणं आठव्या-नवव्या महिन्यापासून दिसू लागतं आणि पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बऱ्याच मुलांत ते चांगलंच जोरावर असतं. आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक मुलाला कळू लागल्याची ती खूण आहे. सवय न लावण्याशी तिचा संबंध नाही. नेमक्या याच महिन्यात आपण तिला ७० परक्या हातांत द्यायला निघतो, हा आपल्या रिवाजाचाच विनोद.

मग घड्याळाचा प्रश्न. पुण्यात वाढदिवसाची वेळ संध्याकाळी साडेसातची, कारण हिंजवडीच्या आयटी ऑफिसांतून माणसं त्याआधी पोचत नाहीत. या मुलीची रात्रीची झोप सातला सुरू होते. वर्षाच्या मुलाची दिवसातून बहुधा दोनदा झोप होते आणि एका झोपेनंतर साधारण तीन-चार तास ते ताजंतवानं असतं. तिला आठवडाभर झोपेची वेळ लिहून ठेवायला सांगितलं. दुपारची झोप दोन ते साडेतीन निघाली. म्हणजे समारंभ रविवारी साडेचार ते सहा. निमंत्रणात चार लिहायचं, कारण पाऊण तास उशीर गृहीतच असतो. पावणेपाचला औक्षण, पाचला केक. उरलेली मंडळी तासानं आली तरी बिघडत नाही. फोटो पाहुणे यायच्या आधी, झोपेतून उठून दूध पिऊन झाल्यावर दहा मिनिटांत उरकायचे. तिचा सगळ्यात चांगला चेहरा तेव्हाच असतो.

तिथीचा वाद मात्र मजेशीर रीतीनं मिटला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे जन्मतिथी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते. मध्ये अधिकमास पडला, तर ती १८-१९ दिवस पुढे जाते. हिची तिथी आधी येत होती. त्या दिवशी फक्त घरच्या पाच जणांत औक्षण करायचं ठरलं. सासूबाईंचा शब्द राहिला आणि मुलीची रंगीत तालीमही झाली : पाट, कुंकू, निरांजन हे सगळं तिनं एकदा शांत घरात पाहिलं. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथी अशी आधी आली, तर त्या दिवशी मुलाला १२ महिने पुरे झालेले नसतात, आणि तोवर मध चाटवायचा नाही. मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या मुलाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजीच्या प्रेमाचं बोट इथे अडवावं लागतं, आणि ते तिच्या लेकानं अडवावं, सुनेनं नाही.

औक्षणातही तपशील असतात. या वयाची मुलं चिमटीत वस्तू पकडायला शिकलेली असतात, ज्योत त्यांना हवीच असते. म्हणून मांडीवर घेणाऱ्यानं दोन्ही हात धरायचे आणि निरांजन हातभर लांब. ताम्हनातली सुपारी आणि अंगठी घशात अडकायच्या मापाच्या असतात, त्यामुळे ओवाळून झालं की ताम्हन थेट देवघरात. अक्षता चारच दाणे. झेंडूच्या पाकळ्या जमिनीवर सांडल्या, की मिनिटाभरात तोंडात जातात. हार दारावर ठीक, खाली पायघड्या नकोत.

थीमबद्दल तिला एकच विचारलं : रोज तुमची मुलगी कशाकडे बोट दाखवते? बाल्कनीच्या कठड्यावर येणाऱ्या कावळ्याकडे, म्हणाली. जेवणही 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' याच तालावर चालतं. मग सिंह-जिराफ कशाला? मेणाचं घर आणि शेणाचं घर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून वॉशिंग मशीनचे दोन रिकामे खोके आणायचे, आतल्या तारेच्या पिना पक्कडीनं काढायच्या. एकावर पिवळा कार्डशीट, दुसऱ्यावर ब्राउन पेपर, मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. पतंगाचा कागद नको. ओला झाला की रंग सुटतो आणि तो रंग ओठांना लागतो. दार साधारण ४५ सेंटीमीटर उंच, ४० रुंद, कडांना कागदी टेप, हवेसाठी दोन खिडक्या. तळहाताएवढ्या १२ चिमण्या कापून सुतळीला लावायच्या आणि सुतळी पाच फुटांच्या वर बांधायची, टोकं लोंबू द्यायची नाहीत. बाकी सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. तिथे गाडी लावायला जागा नसते, रिक्षानं जाणं बरं.

फुग्यांवर तिचा जीव होता. ४० फुग्यांची कमान. आमचा सल्ला सरळ नकाराचा होता. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशाला चिकटून श्वास कोंडतो आणि तो सहजी निघत नाही. शिवाय फुटतानाच्या आवाजानं घाबरलेलं मूल पुढचा अर्धा तास कुणाचंच ऐकत नाही. चकचकणाऱ्या दिव्यांच्या माळेतली गोल चपटी बटनबॅटरी तर घरातच आणू नये. गिळली गेली तर अन्ननलिका जाळते. स्नो-स्प्रे मेणबत्तीजवळ पेट घेतो. थर्माकोलची सजावट आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांच्यावर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, प्लास्टिकची ताटं-पेलेही त्यातच येतात. पत्रावळी घ्याव्यात.

फ्रॉकचं तर आईनंच सांगितलं : नेटचा घेर टोचतो, मुलगी रांगताना त्यात गुडघा अडकतो. सुती अस्तराचं परकर-पोलकं ठरलं, एकदा आधी घालून धुतलेलं. टोपी नाही, रबरी दोरी हनुवटीखाली काचते.

यादी ७० वरून ३० वर आणणं हे खरं समुपदेशनाचं काम होतं, कारण इथे हॉलवाले दीर मध्ये आले. साधा हिशोब मांडला. त्यांची बैठकीची खोली दहा बाय पंधरा. सोफा बाल्कनीत सरकवला, तरी मूल रांगायला जागा ठेवून १६-१८ माणसं बसतात. म्हणून पाहुण्यांच्या दोन तुकड्या : साडेचारला आजी-आजोबा, मावशी-आत्या आणि मुलं, साडेसहानंतर ऑफिसची मंडळी, तोवर मुलगी आतल्या खोलीत झोपेच्या तयारीत. हे सांगायचं काम वाटून दिलं. आपापल्या बाजूच्या माणसांना आपापण सांगायचं, हा नियम संसारात फार भांडणं वाचवतो. नवऱ्यानं ग्रुपवर टाकलेला निरोप असा होता : "चिमीला अजून सगळ्यांची ओळख व्हायचीय. तिला उचलून घेऊ नका, समोर जमिनीवर बसा, ती आपणहून येईल." दिरांचा फोन आला, "एवढं काय कौतुक!" नवरा म्हणाला, "दादा, तू ये तर." विषय तिथेच संपला.

जेवणाचा हिशोब २२ मोठे आणि आठ मुलं असा : मसालेभाताला दोन किलो तांदूळ, ६० बटाटेवडे, पाच लिटर मठ्ठा, दोन किलो जिलबी. जिलबी असल्यामुळे केक दीड किलोत भागतो. मुलीसाठी वेगळा छोटा 'केक' : दोन चमचे रवा चमचाभर तुपात भाजून, अर्धी वाटी पाण्यात शिजवून, त्यात अर्धं पिकलेलं केळं कुस्करायचं आणि वाटीत थापून पालथं घालायचं. साखर नाही, आणि त्या दिवशी आयुष्यातला कुठलाच पदार्थ पहिल्यांदा नाही. अंगावर पुरळ उठलं, तर घरभर पाहुणे असताना कशानं उठलं ते शोधत बसावं लागतं. दाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न मोठ्या मुलांच्या ताटातही नको, कारण ते खाली पडणारच.

ठरलेल्या दिवशी मुलगी रडली. केकपाशी जमलेल्या सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या आणि तिचा ओठ वाकडा झाला. हे धरूनच चाललो होतो : तिनं रडायला सुरुवात केली, की आईनं समजावत उभं न राहता सरळ आत घेऊन जायचं, केक बाबा कापतील. आई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, सात मिनिटं आत बसलो, बाहेर कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मेणाचं घर दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलांच्या हातून फाटलं. शेणाच्या घरात मुलगी पंधरा दिवस वाट्या नेऊन ठेवत होती.